छायाचित्र-संपादनासाठी मुक्त सॉफ्टवेअर : फायद्यांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

गोषवारा

छायाचित्र-संपादनासाठी मुक्त सॉफ्टवेअर वापरावे असे सुचविणाऱ्या लेखनात खर्चातील बचत हा पहिला फायदा म्हणून हमखास सांगितला जातो. बीडसारख्या जिल्ह्यात हा युक्तिवाद निष्प्रभ ठरतो. कारण येथे विकतचे सॉफ्टवेअरही बहुधा विकत घेतले जात नाही. जे आधीच फुकट मिळते, त्याच्याऐवजी दुसरे फुकट मिळणारे का स्वीकारावे, या प्रश्नाचे उत्तर प्रचलित मांडणीत सापडत नाही. प्रस्तुत लेखात ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट करून, ‘जिम्प’ या सॉफ्टवेअरच्या आधारे कायदा, सातत्य, देवनागरी मजकूर, वारसा-नोंदणी आणि अध्यापन या पाच अंगांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या उपयुक्ततेची चिकित्सा केली आहे. तसेच त्याच्या मर्यादाही नोंदविल्या आहेत.

बीजशब्द : मुक्त सॉफ्टवेअर, जिम्प, छायाचित्र-संपादन, देवनागरी, बीड जिल्हा.

१. प्रस्तावना

छायाचित्राचे संपादन ही आता केवळ व्यावसायिक छायाचित्रकाराची बाब राहिलेली नाही. बीड जिल्ह्यातील अकरा तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या परिसरात फेरफटका मारला, तर याची प्रचीती येते. लग्नाचे अल्बम तयार करणारे फोटो स्टुडिओ, वाढदिवस व निवडीच्या अभिनंदनाचे फ्लेक्स छापणारी दुकाने, ऑनलाइन अर्ज भरून देणारी सेवा केंद्रे आणि झेरॉक्सची दुकाने या सर्वांचे दैनंदिन काम छायाचित्र-संपादनावर चालते. परीक्षेच्या अर्जासाठी उमेदवाराचा फोटो व स्वाक्षरी ठरावीक मापात आणि ठरावीक किलोबाइटमध्ये बसविणे, हेही संपादनच होय. महाविद्यालयातील प्राध्यापक वर्गही यातून सुटलेला नाही. कार्यक्रमांचा अहवाल, नियतकालिकाचे मुखपृष्ठ, मूल्यांकनासाठी सादर करावयाची छायाचित्रे अशा कारणांनी प्रत्येक विभागाला हे काम करावे लागते.

या सर्व ठिकाणी ‘फोटोशॉप’ हे नाव एका विशिष्ट सॉफ्टवेअरचे न राहता क्रियेचे नाव बनले आहे. ‘फोटोशॉप करून द्या’ असे ग्राहक म्हणतो, तेव्हा त्याला अॅडोबी या कंपनीचे उत्पादन अभिप्रेत नसते. त्याला फोटो दुरुस्त करून हवा असतो. भाषेतील हा बदल एका वस्तुस्थितीकडे निर्देश करतो. साधन इतके सर्वव्यापी झाले आहे की त्याच्या मालकीचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. हाच प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

२. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. या चळवळीने मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या चार स्वातंत्र्यांच्या आधारे केली आहे : कोणत्याही हेतूने सॉफ्टवेअर चालविण्याचे स्वातंत्र्य, त्याची मूळ आज्ञावली पाहून ते कसे चालते याचा अभ्यास करण्याचे व त्यात बदल करण्याचे स्वातंत्र्य, त्याच्या प्रती इतरांना देण्याचे स्वातंत्र्य, आणि बदललेल्या प्रती वितरित करण्याचे स्वातंत्र्य. या व्याख्येत किमतीचा उल्लेख कोठेही नाही. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकण्यासही मनाई नाही.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाला ‘विनामूल्य’ आणि ‘स्वतंत्र’ असे दोन्ही अर्थ असल्याने या चळवळीला आपली भूमिका वारंवार समजावून सांगावी लागली. मराठी भाषकाला ही अडचण मुळातच नाही. ‘फुकट’, ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे तीन शब्द आपल्याकडे वेगवेगळ्या छटांनी वावरतात. ‘फुकट’ या शब्दात किंचित अवहेलना आहे, ‘मोफत’ हा शब्द देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, तर ‘मुक्त’ हा शब्द घेणाऱ्याच्या स्थितीचे वर्णन करतो. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करणाऱ्या प्रदेशाला या शेवटच्या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरीही संगणकाच्या संदर्भात लेखन करताना आपण हा भेद सहज विसरतो आणि ‘मोफत सॉफ्टवेअरचे फायदे’ अशा शीर्षकाखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र करतो. या गोंधळातून पुढील विवेचनातील बहुतेक दोष उद्भवतात.

३. खर्चाच्या युक्तिवादाची मर्यादा

अॅडोबीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या कायम परवान्याने विकणे थांबवून वर्गणीची पद्धत स्वीकारली. २०१२ मध्ये आलेली ‘सीएस-६’ ही कायम परवान्याची शेवटची आवृत्ती ठरली. म्हणजे हे साधन आता विकत घेता येत नाही, ते भाड्याने घ्यावे लागते. ज्या समाजात हे भाडे प्रत्यक्षात भरले जाते, तेथे मुक्त पर्यायाने होणारी बचत हा वजनदार युक्तिवाद आहे, यात शंका नाही.

परंतु आपल्याकडील चित्र वेगळे आहे. सॉफ्टवेअर उत्पादकांची संघटना असलेल्या बीएसए या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०१७ साली भारतातील संगणकांवर बसविलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना असल्याचा अंदाज दिला होता. ही संस्था उत्पादकांच्या हिताची असल्याने तिचे आकडे सावधपणे वाचावयास हवेत. तथापि लहान गावांत संगणक दुरुस्त करणारा कारागीर ‘विंडोज मारून’ देताना त्यासोबत फोटोशॉप, कोरलड्रॉ आणि मराठी फॉन्ट यांच्या ‘क्रॅक’ केलेल्या प्रतीही टाकून देतो, हे कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही. अशा दुकानदारास ‘जिम्प वापरा, पैसे वाचतील’ असे सांगणे व्यर्थ आहे. त्याचे पैसे आधीच वाचलेले आहेत.

तेव्हा खर्चाचा मुद्दा बाजूला ठेवूनच मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. बाजूला ठेवताना एक गोष्ट मात्र नोंदवावी लागते. चोरीची प्रत विनामूल्य असते, पण निर्धोक नसते. अशा प्रतींसोबत संगणकात विषाणू शिरण्याचा धोका असतो. शिवाय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ६३-ब नुसार संगणकीय आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणीवपूर्वक वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसेल, तर न्यायालयास शिक्षा सौम्य करता येते. फ्लेक्सच्या दुकानास ही सवलत लागू होणे कठीण आहे.

कायद्याची भीती दाखवून साधनाचा प्रचार करणे हा या लेखाचा हेतू नाही. लहान दुकानांवर प्रत्यक्ष कारवाई क्वचितच होते, हे वास्तव आहे. चिंतेची बाब निराळी आहे. हा वापर जेथे शिकविला जातो, ती जागा अनेकदा संगणक-शिक्षणाचीच असते. बारावीनंतर फोटो-संपादन शिकण्यासाठी आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी जे साधन हाती दिले जाते ते चोरीचे असेल, तर त्याच्या व्यावसायिक जीवनाचा आरंभच एका न बोललेल्या तडजोडीने होतो. साधनाची किंमत शून्य असली, तरी ही किंमत कोणीतरी मोजतच असते.

४. सातत्याचा प्रश्न : पिकासा आणि जिम्प

‘मोफत’ व ‘मुक्त’ यांतील भेद व्यवहारात किती मोलाचा आहे, हे दोन सॉफ्टवेअरच्या इतिहासाची तुलना केली असता स्पष्ट होते.

गूगलने २००४ मध्ये ‘पिकासा’ हे छायाचित्रे लावून ठेवण्याचे व त्यांवर प्राथमिक संस्कार करण्याचे सॉफ्टवेअर विकत घेऊन सर्वांना मोफत उपलब्ध करून दिले. वापरण्यास सोपे असल्याने ते घरोघरी आणि कार्यालयांत रुजले. २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केले. कंपनीचा तो अधिकारच होता. परंतु मूळ आज्ञावली खुली नसल्याने, लक्षावधी वापरकर्त्यांपैकी कोणालाही ते पुढे चालविणे शक्य झाले नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे छायाचित्रांची वर्गवारी त्यात केली होती, त्यांना दुसरी सोय शोधावी लागली.

‘जिम्प’चा इतिहास याच्या नेमका उलट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये हे सॉफ्टवेअर लिहिण्यास प्रारंभ केला आणि १९९६ मध्ये ते लोकांसाठी खुले केले. शिक्षण संपल्यावर दोघेही प्रकल्पातून बाहेर पडले. काही काळ काम रेंगाळले. परंतु आज्ञावली सर्वांपुढे असल्याने इतरांनी ती हाती घेतली. १९९८ मध्ये १.०, २००४ मध्ये २.०, २०१८ मध्ये २.१० आणि मार्च २०२५ मध्ये ३.० अशा आवृत्त्या येत राहिल्या. निर्माते निघून गेल्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ हे साधन जिवंत आहे. जिम्पसाठी बटने, मेनू इत्यादी रचण्यास तयार केलेला ‘जीटीके’ हा आज्ञावली-संच पुढे लिनक्सवरील असंख्य सॉफ्टवेअरचा पाया बनला, ही त्याची आणखी एक फलश्रुती होय.

मराठी मुद्रणक्षेत्राला हा धडा नवा वाटू नये. आपल्याकडील अक्षरजुळणीच्या दुकानांत दीर्घकाळ ‘पेजमेकर’ वापरले गेले. त्याची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये आली आणि त्यानंतर त्याचा विकास थांबला. त्यातील जुन्या फायली, त्यांना लागणारे विशिष्ट फॉन्ट आणि ते चालविणारे जुने संगणक यांचे त्रांगडे आजही अनेक प्रकाशकांच्या मागे आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांचे जुने अंक छापील स्वरूपात ग्रंथालयात सापडतात. पण त्यांच्या मूळ संगणकीय प्रती उघडत नाहीत, असा अनुभव विरळ नाही.

२९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने ५९ मोबाइल अॅपवर बंदी घातली. त्यांत कागदपत्रांची छायाचित्रे स्वच्छ करणारे ‘कॅमस्कॅनर’ आणि चेहऱ्यावर संस्कार करणारे ‘ब्यूटीप्लस’ यांचा समावेश होता. टाळेबंदीच्या काळात विद्यार्थी उत्तरपत्रिका व स्वाध्यायाची पाने याच प्रकारच्या अॅपने पाठवीत होते. बंदीच्या निर्णयाची योग्यायोग्यता हा येथील विषय नाही. मोफत मिळालेले साधन आपल्या हातात नसते, ते दुसऱ्याच्या हातातून आपल्यापर्यंत आलेले असते, एवढाच बोध येथे अभिप्रेत आहे.

५. देवनागरी मजकुराची समस्या

छायाचित्रावर मराठी मजकूर लिहिणे हे आपल्या परिसरातील संपादनाचे अविभाज्य अंग आहे. अभिनंदनाचा फलक असो वा कार्यक्रमपत्रिका, मजकुराशिवाय चित्र पूर्ण होत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरीची जुळणी होत नसे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे तुटत. नंतरच्या आवृत्त्यांत ही सोय आली, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडणे दीर्घकाळ आवश्यक होते. अनेक दुकानांत वापरल्या जाणाऱ्या जुन्या क्रॅक प्रतींत तीही सोय नसते.

परिणामी आपल्याकडे जुन्या सांकेतिक पद्धतीच्या फॉन्टवर विसंबण्याची सवय रूढ झाली. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराच्या आकाराखाली प्रत्यक्षात रोमन अक्षराचा संकेतांक असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. तो शोधता येत नाही, दुसरीकडे उतरवून घेता येत नाही, आणि एका कंपनीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये जसाच्या तसा वाचता येत नाही.

जिम्पने आपली मजकूर-व्यवस्था ‘पँगो’ या मुक्त आज्ञावली-संचावर उभारली. जगातील विविध लिप्यांची जुळणी करण्यासाठीच पँगो तयार झाला असल्याने देवनागरीला तेथे वेगळ्या परवानगीची वा वेगळ्या आवृत्तीची गरज भासली नाही. याच्या जोडीला मुक्त परवान्यावरील देवनागरी फॉन्टही आता उपलब्ध आहेत. रेड हॅट या कंपनीने मुक्त केलेला ‘लोहित’ आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेले ‘मुक्त’ व ‘बलू’ ही त्यांची परिचित उदाहरणे होत. ज्या भाषेची बाजारपेठ लहान असते, तिच्या गरजा विक्रीयोग्य उत्पादनात उशिरा पोहोचतात; मुक्त प्रकल्पात मात्र त्या भाषेचा जाणकार स्वतः भर घालू शकतो. मराठीच्या दृष्टीने हा फायदा किमतीच्या फायद्याहून कितीतरी मोठा आहे.

६. वारसा-नोंदणी आणि संशोधनाची शिस्त

बीड जिल्हा हा मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाशी निगडित आहे. अंबाजोगाई येथे आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. दासोपंतांनी पंचीकरण हा विषय ज्या कापडी पटावर लिहिला, ती प्रसिद्ध ‘पासोडी’ही याच गावची. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी तिची मापे सांगितली जातात. हत्तीखाना लेणी, बीड शहरातील जलकुंडात उभे असलेले कंकालेश्वर मंदिर, धारूरचा किल्ला अशी दृश्य साधनसामग्री जिल्ह्यात विखुरलेली आहे. याखेरीज घराघरांत मुक्तिसंग्रामाच्या पिढीची पिवळी पडलेली, कोपरे गेलेली छायाचित्रे आहेत.

पासोडीसारखी वस्तू एका छायाचित्रात मावत नाही. तिचे तुकड्यातुकड्याने, सम प्रकाशात छायाचित्रण करून ते सांधावे लागेल. यासाठी ‘ह्युगिन’ हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. फिकट शाई उठावदार करण्यासाठी जिम्पमध्ये लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे घटक वेगळे करून पाहता येतात. पुष्कळदा एका रंगात नाहीशी झालेली अक्षरे दुसऱ्या रंगात वाचता येतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या मूळ फायलींवर संस्कार करण्यासाठी ‘डार्कटेबल’ आहे, तर शेकडो फायलींचे माप एका आज्ञेत बदलण्यासाठी ‘इमेजमॅजिक’ आहे.

हे सर्व विकतच्या साधनांनीही होऊ शकते. मग संशोधकाने मुक्त साधनांचा आग्रह का धरावा? याचे उत्तर संशोधनपद्धतीत आहे. एखाद्या प्राध्यापकाने ‘संस्कारित छायाचित्रावरून अमुक अक्षर वाचले’ असा दावा केला, तर तो पडताळून पाहण्यासाठी दुसऱ्या अभ्यासकाला तेच साधन, तीच आवृत्ती आणि त्याच पायऱ्या उपलब्ध असावयास हव्यात. मुक्त सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती कोणालाही मिळविता येते, आज्ञा मजकुराच्या रूपात निबंधात छापता येतात आणि साधनाच्या आत कोणती गणिती क्रिया घडली हेही तपासता येते. पडताळणीची ही शक्यता नसेल, तर संस्कारित छायाचित्र पुरावा न राहता चित्र बनते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चित्रातील नको असलेला भाग पुसून त्या जागी भोवतालच्या पोताशी जुळणारा भाग भरण्याची सोय ‘रिसिंथेसायझर’ या जोडणीमुळे जिम्पला, फोटोशॉपमध्ये २०१० साली अशी सुविधा येण्यापूर्वीच, मिळाली होती. जुन्या फोटोवरील डाग घालविण्यास ती उपयुक्त आहे. परंतु भरलेला भाग हा यंत्राचा अंदाज असतो, भूतकाळाचा अवशेष नसतो. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने मूळ स्कॅन अस्पर्शित ठेवावा, दुरुस्ती स्वतंत्र थरावर करावी आणि ती दुरुस्ती आहे असे नमूद करावे. साधन मुक्त असल्याने ही शिस्त आपोआप येत नाही.

हाच नियम महाविद्यालयीन दप्तरालाही लागू आहे. मूल्यांकनासाठी स्थळ-नोंद असलेली छायाचित्रे मागितली जातात. ही नोंद फोटोच्या फाइलीत दडलेल्या माहितीत असते. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठविला की ती सामान्यतः नाहीशी होते, आणि मग धावपळ सुरू होते. जिम्पमधून फाइल बाहेर काढताना ही माहिती ठेवावी की वगळावी, हा पर्याय समोरच दिलेला असतो. आपल्या छायाचित्रात नेमके काय साठवले आहे हे वापरकर्त्यास कळणे, हाही स्वातंत्र्याचाच एक भाग होय.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या वर्गांत कौशल्य-संवर्धनाचे अभ्यासक्रम आले आहेत. छायाचित्र-संपादन हा त्यासाठी सुयोग्य विषय आहे. कारण त्याला स्थानिक रोजगार आहे आणि कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना तो समान उपयोगी आहे. अध्यापन-साहित्याची उणीवही सांगता येणार नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाने जिम्पचे दृक्-श्राव्य पाठ तयार केले असून त्यांचे मराठी रूपांतरही झाले आहे. केरळने शालेय संगणक-शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून जिम्पसारखी साधने शाळेच्या पाठ्यक्रमात नेली. तेथील अनुभव असा सांगतो की हा प्रश्न तांत्रिक क्षमतेचा नसून धोरणाचा आहे. महाराष्ट्रात २००० च्या दशकात गावोगावी पोहोचलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरतेचे मोठे काम केले. पण त्यातून ‘संगणक म्हणजे विंडोज व ऑफिस’ हे समीकरणही दृढ झाले.

बीडच्या संदर्भात एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. या कुटुंबांतील विद्यार्थ्याच्या शिक्षणात खंड पडणे नित्याचे आहे. वर्गणीवर चालणारे साधन महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहते. ज्यासाठी सतत इंटरनेट लागते, ते साधन कोपीवर किंवा वाडीवर उपयोगी पडत नाही. जिम्पची स्थापना-फाइल मात्र पेन ड्राइव्हवर देता येते, ती बसविण्यास इंटरनेट लागत नाही आणि तुलनेने जुन्या संगणकावरही ती चालते. शिक्षकाने विद्यार्थ्याला दिलेली ही प्रत पूर्णतः वैध असते. त्या विद्यार्थ्याने ती पुढे आणखी कोणास दिली, तरी तेही वैध असते. ज्ञानदानाच्या परंपरेशी इतका जुळणारा परवाना विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये संभवत नाही.

८. मर्यादा

मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांच्या लेखनात मर्यादांचा उल्लेख ओझरता येतो. ही उणीव टाळावयास हवी.

पहिली मर्यादा छपाईची. छापखान्यास लागणाऱ्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, थेट संपादन करण्याची सोय जिम्पमध्ये अद्याप नाही. ३.० आवृत्तीत या रंगपद्धतीतील फायली घेण्या-देण्याची सोय सुधारली आहे, पण प्रत्यक्ष काम आरजीबीमध्येच होते. ‘क्रिता’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सीएमवायके आहे, तथापि ते प्रामुख्याने चित्रकारांसाठी आहे. दुसरी मर्यादा व्यवसायातील देवाणघेवाणीची. लग्नाच्या अल्बमचे तयार नमुने बाजारात ‘पीएसडी’ स्वरूपात मिळतात. जिम्प या फायली उघडते, परंतु त्यांतील सर्वच रचना जशाच्या तशा राहतील याची हमी नसते. ज्या स्टुडिओचे दिवसाचे उत्पन्न या नमुन्यांवर अवलंबून आहे, त्याने एका रात्रीत साधन बदलावे ही अपेक्षा अन्यायकारक ठरेल. तिसरी मर्यादा वेगाची. मूळ चित्रास धक्का न लावता परिणाम मागाहून बदलण्याची सोय फोटोशॉपमध्ये फार पूर्वीपासून आहे. जिम्पमध्ये ती मार्च २०२५ च्या आवृत्तीत आली. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्राचा भाग निर्माण करण्याची जी सुविधा २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये आली, तिला तोडीस तोड असे अंगभूत साधन जिम्पमध्ये नाही.

चौथी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे संगणक नसून मोबाइल आहे, आणि जिम्प हे मुळात संगणकासाठीच घडलेले आहे. ज्याच्याकडे संगणकच नाही, त्याच्यासाठी वरील सर्व स्वातंत्र्ये कागदावर राहतात. म्हणून महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा तासिकांव्यतिरिक्तही विद्यार्थ्यांसाठी उघडी असणे, ही या विषयातील पहिली अट ठरते.

शेवटी, मुक्त सॉफ्टवेअर कोठून घ्यावे याचेही भान हवे. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या संकेतस्थळाने जिम्पच्या विंडोज आवृत्तीसोबत जाहिराती दाखविणारी अन्य सॉफ्टवेअर जोडून दिल्याचे उघड झाले होते. जिम्प प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच प्रत घेणे हा त्यावरील साधा उपाय होय.

९. निष्कर्ष

१) बीड जिल्ह्यासारख्या परिसरात मुक्त सॉफ्टवेअरचे समर्थन खर्चाच्या बचतीवर आधारणे चुकीचे आहे, कारण अनधिकृत प्रतींमुळे ही बचत वापरकर्त्यास जाणवत नाही.

२) मोफत सॉफ्टवेअर देणाऱ्याच्या इच्छेवर टिकते, तर मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या गरजेवर टिकते. पिकासा आणि जिम्प यांची तुलना हे पुरेसे स्पष्ट करते.

३) युनिकोड देवनागरी, पडताळणीक्षम संशोधन आणि प्रत देण्याची वैध मुभा हे मराठी भाषक अध्यापकाच्या दृष्टीने खरे फायदे होत.

४) व्यावसायिक स्टुडिओ व छापखान्यांनी लगेच बदल करावा असा आग्रह धरता येणार नाही. बदलाचा प्रारंभ महाविद्यालयातून होणे इष्ट आहे. कारण तेथे पीएसडी नमुन्यांचे व ग्राहकाच्या घाईचे दडपण नसते.

५) कौशल्य-संवर्धन अभ्यासक्रमात विशिष्ट कंपनीच्या उत्पादनाचे नाव न घालता ‘छायाचित्र-संपादन’ हे कौशल्य नमूद करावे आणि प्रात्यक्षिकासाठी मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. थर, रंगसमतोल, कातरणी, फाइलीचे प्रकार या संकल्पना एका साधनात शिकल्या की दुसऱ्या साधनात सहज नेता येतात.

विद्यार्थी पुढे आपल्या तालुक्याच्या गावी दुकान थाटील तेव्हा तो कोणते साधन निवडील, हे बाजार ठरवील. मात्र त्याला शिकविताना महाविद्यालयाने जी प्रत हाती दिली, ती देताना शिक्षकाला काही झाकून ठेवावे लागले नाही, एवढे तरी महाविद्यालयाच्या अधिकारातले आहे.